बर साहेबांची बर बाई, बर बाईंची लिपिका

नमस्कार श्रोतेहो.

परदेशी हेरकथेवरून आपल्याकडे मालिका करायची ठरली, की अंधेरी-वर्सोव्याच्या कचेऱ्यांत आधी पात्रांची बारशी होतात. नायक जोनाथनचा होतो शान, खलनायक रोपरचा होतो रुंगटा. नावं बदलतात, कपडे बदलतात आणि पुष्कळ मालिका तिथेच थांबतात. माणूस कुठला आहे, यामुळे गोष्टीत पुढे काही वेगळं घडलं पाहिजे. हे काम पटकथेत व्हायला हवं, कपडेपटावर सोडून चालत नाही.

'द नाइट मॅनेजर'चंच घ्या. जॉन ल कारे यांची ही कादंबरी १९९३ची. शस्त्रांच्या दलालाच्या मागे हात धुऊन लागलेला त्यातला गुप्तचर अधिकारी म्हणजे लेनर्ड बर. पुरुष. २०१६मध्ये बीबीसीवर मालिका आली, तेव्हा या लेनर्डची अँजेला झाली होती. भूमिका ऑलिव्हिया कोलमन यांची, आणि त्या तेव्हा खरोखरच गरोदर होत्या. एरवी अशा वेळी नटीला टेबलामागे बसवतात, हातात फाइल देतात, कॅमेरा खांद्याच्या खाली येऊ देत नाहीत. दिग्दर्शिका सुझान बिअर यांनी लपवाछपवी केलीच नाही. अँजेलालाच गरोदर केलं. दलाल पकडायचा आणि दिवसही भरत आलेले, असे दोन ताण एका बाईवर आले. या भूमिकेला पुढे गोल्डन ग्लोब मिळाला.

आता २०२३ची हिंदी मालिका. अँजेलाची झाली लिपिका सैकिया राव. भूमिका तिलोत्तमा शोम यांची. सैकिया आसामचं, राव दक्षिणेतलं. दोन आडनावांत एका लग्नाची हकीकत आली, एकही संवाद खर्च न करता. गरोदरपण ठेवलं, पण इथे त्याचा अर्थ बदलला. आपल्याकडे सातव्यात डोहाळजेवण, मग बाळंतपणाला माहेरी. पोट पुढे आलेली बाई गुन्हेगाराच्या मागावर आहे म्हटल्यावर इथला प्रेक्षक लगेच विचारतो, हिच्या घरचे काय म्हणत असतील? लंडनच्या अँजेलाबाबत हा प्रश्न असा चटकन येत नाही. पात्र तेच, पण ते भारतीय घरात आलं.

अशा भूमिकेसाठी खोटं पोट बांधतात, त्याचंही एक तंत्र आहे. शूटिंग क्रमाने होत नाही. सकाळी शेवटच्या भागातलं दृश्य, दुपारी पहिल्या भागातलं. म्हणून महिन्यांप्रमाणे वेगवेगळ्या मापांची पोटं करून ठेवतात आणि कुठल्या दृश्याला कुठलं, याची नोंद कंटिन्युइटीत, म्हणजे दृश्यांचा मेळ राखणाऱ्या वहीत करतात. नुसता फोम बांधला तर बाई खुर्चीतून ताडकन उठते आणि सगळं फसतं. पोटात वजन भरलं, की हात आपसूक खुर्चीच्या दांडीवर जातो.

गोष्टीची जागाही अशीच बदलली. बीबीसीने सुरुवात २०११च्या कैरोत केली, हिंदीने २०१७च्या ढाक्यात. त्या वर्षी सात लाखांहून जास्त रोहिंग्या म्यानमारची सीमा ओलांडून बांगलादेशात आले. कैरोत नायकाकडे मदत मागते ती एका श्रीमंत माणसाची प्रेयसी. ढाक्यात मदत मागते एक अल्पवयीन मुलगी. त्यामुळे प्रेमप्रकरणाला जागाच उरली नाही आणि नायकाच्या मनातला सल वेगळा झाला. म्हणून पुन्हा सांगते, बदल गोष्टीत हवा.

जाता जाता, मराठी पात्र म्हणजे हवालदार किंवा कामवाली, हे आता पुरे झालं. हवालदारच दाखवायचा तर 'सेक्रेड गेम्स' मालिकेतला जितेंद्र जोशींचा काटेकर पाहा. त्याला घर आहे, बायको आहे, स्वतःचा राग आहे. आणि हो, भाग संपला की नामावली पळवू नका. उच्चार शिकवणाऱ्यांची नावं तिथेच असतात.

कारण उच्चारात फार घोळ होतात. संवाद त्या प्रदेशातल्या माणसाकडून आधी सावकाश, मग नेहमीच्या गतीने रेकॉर्ड करून घ्यावेत. आसामीत च आणि छ दोन्हींचा उच्चार स होतो. नामांना व्याकरणातलं लिंग नसतं, म्हणून हिंदीत 'गाडी आया' असं तोंडातून जाऊ शकतं. हे प्रत्येक वाक्यात घातलं, तर पात्राचं हसं होतं. दिल्लीत वर्षानुवर्षं नोकरी केलेली अधिकारी एरवी चोख हिंदीच बोलेल. फोनवर वाईट बातमी आली, की एखाद्या शब्दावर घसरेल. अख्ख्या भागात तेवढी एकच चूक ठेवावी, आणि ती कुठे, हे वाचनाच्या दिवशीच नटीला सांगावं.