दिलेली परवानगी परत कोण घेतं?

श्रोतेहो, नमस्कार.

कार्यालयातल्या माहितीच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की गाडी पासवर्डपाशी थांबते. पण तुम्ही कोण आहात, एवढंच पासवर्डवरून ठरतं. आत आल्यावर तुम्हाला कोणतं कपाट उघडता यावं, हा प्रश्न वेगळा, आणि घोटाळे बहुतेक तिथंच होतात.

फोल्डरवरच्या परवानग्या ढोबळमानाने तीन: पाहण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्याला परवानगी देण्याची. तिसरी सर्वांत जपून द्यावी, कारण ती ज्याच्या हाती असते तो उरलेल्या दोन्ही हव्या त्याला वाटू शकतो. ज्याला कामापुरतं जेवढं लागतं तेवढंच द्यावं, हे तत्त्व जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांच्या १९७५ सालच्या शोधनिबंधात स्पष्ट शब्दांत आहे. पटत सगळ्यांना असतं. पाळताना मात्र पंचाईत होते.

नवा माणूस रुजू होतो, साहेब सांगतात, ‘आधीच्या माणसासारखेच राइट्स देऊन टाका.’ त्या आधीच्या माणसाने सहा वर्षांत तीन विभाग बदललेले असतात आणि प्रत्येक विभागाच्या परवानग्या त्याच्या संगणकावरच्या खात्याला, म्हणजे लॉगिनला, चिकटून राहिलेल्या असतात. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ते सगळं गाठोडं मिळतं. म्हणून परवानगी माणसाला न देता कामाच्या गटाला द्यावी. ‘लेखा, फक्त पाहणे’ आणि ‘लेखा, नोंद करणे’ असे दोन गट करा. माणूस आला की गटात घाला, बदली झाली की आधी जुन्या गटातून काढा, मग नव्यात घाला. हा क्रम उलटा केलात की पहिली पायरी राहूनच जाते.

पैशांच्या कामात आणखी एक काळजी घ्या. नवा पुरवठादार नोंदवणारा आणि त्याचं बिल मंजूर करणारा, या दोन्ही परवानग्या एकाच खात्यावर नसाव्यात. तसंच, चौघांत मिळून एकच लॉगिन वापरू नका. काही बिघडलं तर नोंदवहीत एकच नाव दिसतं, आणि ते नाव कुणाचंच नसतं.

आता नोकरी सोडून जाणाऱ्याकडे वळू. २०२१ साली अमेरिकेत कलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनीच्या यंत्रणेत हल्लेखोर शिरले, ते कार्यालयाबाहेरून यंत्रणेला जोडून घेण्याच्या एका जुन्या खात्यातून. ते खातं वापरात नव्हतं, पण चालू होतं, आणि त्यावर पासवर्डशिवाय दुसरी पडताळणी नव्हती.

तेव्हा शेवटच्या दिवशी, माणूस बाहेर पडण्याच्या सुमारास, खातं निष्क्रिय करा. लगेच पुसू नका, त्यातल्या फायली नि नोंदी नंतर लागतात. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. मोबाइलवर आधीच उघडलेलं सत्र, म्हणजे एकदा केलेलं लॉगिन, काही प्रणालींत तसंच चालू राहतं, म्हणून सगळी सत्रं बंद करण्याची आज्ञा वेगळी द्या. मग ईमेल बाहेर वळवण्याचा नियम लावलेला आहे का ते बघा, आणि ‘लिंक असेल त्याला उघडता येईल’ अशा तऱ्हेने वाटलेल्या फायली शोधा. त्या लिंकला खातं बंद झाल्याचं सोयरसुतक नसतं.

दर तीन महिन्यांनी गटांची यादी विभागप्रमुखाला तपासायला द्यावी, असं आम्ही सुचवतो. नुसती नावं दिलीत तर प्रमुख सगळ्यांपुढे ‘ठेवा’ अशी खूण करून मोकळे होतात. नावापुढे शेवटच्या वापराची तारीख घाला, आणि उत्तर आलं नाही तर परवानगी जाईल असा नियम करा. मग यादी खरोखर वाचली जाते. थोड्या दिवसांसाठी दिलेल्या परवानगीला देतानाच शेवटची तारीख घाला.

एक अडचण हमखास येते. गेलेल्या माणसाच्या खात्यावर रात्री आपोआप चालणारं एखादं काम लावलेलं असतं, बॅकअप म्हणा किंवा अहवाल. ते बंद पडेल या भीतीने खातं वर्षानुवर्षं चालू ठेवलं जातं. अशा कामासाठी स्वतंत्र सेवा-खातं काढा. त्याला त्या एकाच फोल्डरची परवानगी द्या, माणसाला त्यातून लॉगिन करता येणार नाही अशी व्यवस्था करा आणि जबाबदार म्हणून सध्या नोकरीत असलेल्या कुणाचं तरी नाव लिहा. एक रात्र काम नव्या खात्यावर चालवून बघा. सकाळी अहवाल जागेवर आलेला असेल, तर जुनं खातं त्याच दिवशी बंद करा.