जंगल मोजायचं म्हणजे नेमकं काय मोजायचं?

मंडळी, विषय आहे भूदृश्य-बदलाच्या सिम्युलेशनमध्ये, म्हणजे जमिनीचा वापर पुढे कसा बदलेल हे संगणकावर चालवून बघताना, आपला स्वतःचा निर्देशक, म्हणजे बदल मोजणारा आकडा, कसा घडवायचा. पण आधी तयार निर्देशकाबद्दल बोलायलाच हवं, कारण घोडं तिथेच पेंड खातं.

बहुतेक जण पहिला आकडा बघतात तो ‘जंगलाखालचं क्षेत्र’. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत किमान 1 हेक्टर जागा आणि किमान 10 टक्के छत्र-घनता, म्हणजे झाडांच्या माथ्यांनी झाकलेला भाग, असली की ते वनाच्छादन. मालकी कोणाची, झाड कुठलं, हे बघत नाहीत. त्या कामापुरती व्याख्या ठीक आहे. पण सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात जंगल तोडून रबर लावलं तर काही वर्षांत आकडा पुन्हा होता तिथे! काजूचंही तेच. उलट कोकणातला सडा, म्हणजे जांभ्या खडकाचं उघडं पठार, घ्या. पावसाळ्यात तिथे सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे गालिचे असतात, आणि कित्येक नकाशांत त्याच्यावर शिक्का असतो ‘पडीक’. पडीक म्हणजे कोणाच्या लेखी? त्या सड्यावर सुरुंग लावून कलमं लावली की सिम्युलेशनच्या हिशेबात जमीन सुधारली. ‘पडीक’ हा शब्द नकाशातल्या जमिनीच्या वर्गांच्या यादीतून आधी काढा. सड्याला स्वतःचा वर्ग द्या, रबराला द्या, काजूला द्या. वर्गच नसेल तर पुढे कितीही हुशार सूत्र लिहा, काही उपयोग नाही.

आता कागदावर 10 × 10 घरांचा चौकोन काढा. एक घर म्हणजे 30 मीटरचा पिक्सेल, 0.09 हेक्टर. सगळं जंगल, चहूबाजूंना शेतं. कडेचा परिणाम 60 मीटर आत जातो असं धरलं तर प्रत्येक बाजूची दोन घरं गेली. गाभा, म्हणजे कडेचा परिणाम न पोचणारं आतलं जंगल, उरला 36 घरं, 3.24 हेक्टर. आता पाचव्या स्तंभातून वरपासून खालपर्यंत रस्ता काढा. जंगल 100 चं 90 झालं. गाभा? डावीकडे शून्य, उजवीकडे एका स्तंभातली 6 घरं, 0.54 हेक्टर. जंगल दहा टक्क्यांनी घटलं आणि गाभ्याचे सहापैकी पाच हिस्से गेले.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा झरझर सांगते. एसटी-सिम या भूदृश्य-बदलाच्या सॉफ्टवेअरमध्ये आपला निर्देशक ‘स्टेट अॅट्रिब्यूट’ म्हणून भरतात. आधी त्याचं नाव आणि एकक ठरवा, मग प्रत्येक वर्गाला, हवं तर वयोगटानुसार, मूल्य द्या. मूल्य दर एकक क्षेत्राचं द्यायचं. क्षेत्राने गुणायचं काम सॉफ्टवेअर करतं. तुम्ही आधीच गुणलंत तर क्षेत्र दोनदा धरलं जाईल. एखाद्या वर्गाची ओळ राहिली तर तो बेरजेतून गुपचूप गळतो. आउटपुटच्या पर्यायांत तो निर्देशक चालू करायला विसरू नका.

गाभा शेजारच्या घरांवर अवलंबून, म्हणून तो असा बसत नाही. सिम्युलेशन एकदा चालवलं की एक धाव. प्रत्येक धावेचं रास्टर, म्हणजे घराघरांचा नकाशा, बाहेर काढून तिथे मोजा आणि मग धावांमधला फरक बघा. सगळ्या धावांच्या सरासरी नकाशावर मोजलेला गाभा खोटा. तो नकाशा कुठल्याच धावेत घडलेला नसतो. अंतर मोजायचं तर अक्षांश-रेखांश नको, यूटीएम, म्हणजे मीटरमध्ये मोजणारी नकाशा-पद्धत, हवं: सिंधुदुर्ग झोन 43 मध्ये, गडचिरोली 44 मध्ये. वर्गांचं रास्टर यूटीएममध्ये बदलताना ‘निअरेस्ट नेबर’च, म्हणजे सगळ्यात जवळच्या घराचा वर्ग जसाच्या तसा घ्यायचा. कोपऱ्याला टेकणारी घरं एकाच तुकड्यात धरायची का, म्हणजे चार शेजारी की आठ, हे एकदा ठरवा आणि लिहून ठेवा.

आणि खरा नकाशा चढवण्याआधी मघाचा चौकोन द्या, शेतांच्या पट्ट्यासकट. 3.24 आणि 0.54 आले तरच पुढे जा.