बाळाच्या कलाने

नमस्कार श्रोतेहो.

रविवारी सकाळी ठाण्याच्या मासुंदा तलावाशी, म्हणजे आपल्या तलावपाळीवर, दहा मिनिटं उभं राहिलं तरी एखादं कुटुंब फोटो काढताना दिसतंच. त्या घरातलं एक माणूस मात्र कुठल्याच फोटोत नसतं, कारण मोबाइल त्याच्या हातात असतो. कधी आई, कधी बाबा. हे माणूस पुढे कौटुंबिक फोटोग्राफीच्या व्यवसायात येऊ शकतं का, याबद्दल आज बोलायचंय. आणि बोलायचंय ते हिशेबाने. मी आधी आकडेमोडीचीच नोकरी करत होते, मुलगा झाल्यावर या धंद्यात आले, त्यामुळे ती खोड काही जात नाही.

आपल्या बाळाचे फोटो छान येतात, मावश्या-आत्या वाहवा करतात, एवढ्यावर धंदा सुरू करू नये. आपलं मूल आपल्याकडे बघून हसतंच हो! परक्याचं मूल आपल्याला बघून भोकाड पसरतं. तिथे महागडी लेन्स कामाला येत नाही. कामाला येतं ते रात्री-अपरात्री बाळाला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालताना अंगात मुरलेलं शहाणपण. नवजात बाळाला जेमतेम फूटभर अंतरावरचं नीट दिसतं. लांब उभं राहून कितीही खुळखुळा वाजवा, ते कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. ते बघणार कडेवर घेणारीच्या तोंडाकडे. मग फोटो त्या बघण्याचाच काढायचा. आठ-नऊ महिन्यांचं मूल अनोळखी माणूस दिसला की आईच्या कुशीत तोंड लपवतं. ते हट्टी नसतं, त्या वयाचं ते वागणंच आहे. अशा वेळी मी कॅमेरा बॅगेतच ठेवते. चहा घेते, आजीशी गुडघेदुखीवर बोलते, मुलाकडे ढुंकूनही बघत नाही. थोड्या वेळाने तेच रांगत येऊन बॅगेची चेन ओढू लागतं. ज्याने स्वतःचं मूल वाढवलंय त्याला हा धीर वेगळा शिकवावा लागत नाही.

उशीर झाला, वय निघून गेलं, असं वाटणाऱ्यांसाठी एक नाव सांगते. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन, एकोणिसाव्या शतकातल्या नामवंत छायाचित्रकार. जन्म कलकत्त्याचा, १८१५ चा. मुलंबाळं वाढवून झाल्यावर, १८६३ साली, लेक आणि जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. तेव्हा बाईंचं वय ४८. इंग्लंडमधल्या आपल्या घरी त्यांनी कोळशाच्या खोलीची डार्करूम केली आणि कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ. पुढच्याच वर्षी काढलेल्या एका लहान मुलीच्या फोटोला त्यांनी आपलं पहिलं यश म्हटलं. त्या काळी फोटो रसायन लावलेल्या काचेवर निघे, ती काच ओली असतानाच तो घ्यावा लागे आणि समोरच्याला कितीतरी सेकंद हलायची चोरी. लहान मुलांना तसं बसवणं म्हणजे काय, ते आईच जाणे. आपल्या वन बीएचकेमध्ये जागा नाही ही तक्रार मला त्यानंतर करवत नाही.

आता आपल्याकडचं सांगते. संक्रांत ते रथसप्तमी हा आमचा हंगाम, बोरन्हाणाचा. बाळाला काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेलं. काळं कापड दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे. तो आपणहून उजेड वाढवतो आणि पांढऱ्याशुभ्र हलव्याचा नुसता लगदा दिसतो. म्हणून एक्स्पोजर थोडं खाली आणायचं. समारंभ बहुधा संध्याकाळी, हळदीकुंकवाला जोडून, तेव्हा खिडकीच्या उजेडाची आशा सोडायची आणि फ्लॅश छताकडे वळवायचा. सरळ तोंडावर मारला तर बाळ डोळे मिटून घेतं. मग मापट्यातून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हल्ली चॉकलेटंसुद्धा डोक्यावरून पडतात. तो क्षण डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपतो. फ्लॅशचा झोतही क्षणभराचाच असतो, त्यामुळे चुरमुरे हवेत थिजलेले दिसतात. आणि आपण? आपण फरशीवर बसलेलं असावं, बाळाच्या डोळ्यांच्या रेषेत. उभ्याने काढलेल्या फोटोत नुसता मुकुट येतो. खरा फोटो तर पुढच्या क्षणाचा, सोसायटीतली पोरं लुटायला तुटून पडतात आणि बाळ भांबावून एक बोर तोंडात घालतं तेव्हाचा. तो काढा, आणि बोर लगेच काढून घ्यायला आईला सांगा, बी घशात अडकते.

नवजात बाळाचे हनुवटीखाली हात ठेवलेले फोटो बघून मोहात पडू नका. त्यात डोकं कुणीतरी धरलेलं असतं. दोन फोटो जोडून तो हात नंतर पुसून टाकलेला असतो. घरी तसं करून बघायचं नाही म्हणजे नाही. आणि आजीने गालावर तीट लावली असेल तर ती एडिटिंगमध्ये पुसू नये, असं माझं मत. काही ग्राहक पुसायला सांगतात. मी दोन्ही प्रती देते.

आता कागदाची गोष्ट. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, पैसे देऊन सांगून काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाराच असतो. म्हणजे ग्राहकाचं बाळ आपल्या जाहिरातीत परस्पर झळकवता येत नाही. लेखी परवानगी घ्यायची, आणि नाही म्हटलं तर चेहरा पाडायचा नाही. फोटोंच्या प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, शिवाय एक घराबाहेर. दर ठरवताना नवखे लोक फक्त शूटचे दोन तास धरतात. निवड, एडिटिंग, अल्बमवाल्याकडच्या खेपा, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गेलेली संध्याकाळ हे सगळं त्याच पैशात बसवायचं असतं. ओळखीतल्यांना फुकट करून दिलंत तर पुढचाही ओळख काढूनच येतो.

एक अडचण मात्र या धंद्यात पडण्याआधीच घरात बोलून घ्या. सगळ्यांना सुटी असते तेव्हा आपलं काम असतं. ज्या मुलामुळे कॅमेरा हातात आला, त्याचाच शनिवार-रविवार आपण इतरांच्या घरी घालवतो. घरात आजी-आजोबा नसतील, जोडीदाराला सुटी नसेल, तर सुरुवात सोमवार ते शुक्रवारच्या नवजात बाळांच्या कामाने करा. त्या आया घरीच असतात. मी स्वतः महिन्यातला एक रविवार कोरा ठेवते. त्या दिवशीचं काम घेऊन कुणी फोन केला तर सरळ पुढची तारीख देते, आणि बहुतेक जण ती घेतात.

नमस्कार.