वायफायची किल्ली गावाकडे

[दृश्य : ग्रामपंचायतीचा व्हरांडा, भिंत जवळून]

पऱ्हाटीच्या वावरांमधून येणारा हा रस्ता ग्रामपंचायतीपाशी थांबतो. व्हरांड्यातली भिंत नीट बघा. पाणीपट्टीच्या थकबाकीची यादी, आणि तिच्या शेजारी खडूने लिहिलेले दहा आकडे. एका मोबाइलचा नंबर आहे. इथल्या वायफायचा पासवर्डही हाच.

गावागावांतल्या ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने, म्हणजे काचेच्या तारेतून येणाऱ्या इंटरनेटने, जोडायची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर केली. तीच आजची भारतनेट. फायबर पंचायतीत पोचलं, पण त्याच्या टोकाचा राउटर, म्हणजे वायफाय पसरवणारा डबा, बसवणारा जसा ठेवून गेला तसाच राहतो. तो उघडून नीट लावायचं काम इथल्या वर्गातल्या या पोरापोरींनी आज हातात घेतलं आहे.

[दृश्य : स्टुलावर चढलेली मुलगी, लोखंडी कपाटावरचा राउटर]

सुरुवात जागेपासून. राउटर कपाटावर, टिनाच्या छपराला जवळजवळ टेकलेला. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकावर साधारण 40 अंशांपर्यंतचं तापमान दिलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा 45 च्या वर जातो; टिनाखाली काय होत असेल ते सांगायला नको. त्यात लोखंडी कपाट सिग्नल अडवतं. म्हणून राउटर आतल्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्या वर, अँटेना उभ्या.

मग केबल. वायफायवर बसून पासवर्ड बदलला की त्याच क्षणी आपलाच संपर्क तुटतो, म्हणून लॅपटॉप केबलने जोडायचा. ब्राउझरमध्ये राउटरच्या तळाच्या स्टिकरवरचा पत्ता टाकायचा, बहुतेक वेळा 192.168.1.1. नाव 'अ‍ॅडमिन', पासवर्डही 'अ‍ॅडमिन'. पान उघडलं. वायफायवर असलेल्या कुणालाही ते असंच उघडता आलं असतं. पहिला बदल इथेच : हा पासवर्ड वेगळा, वायफायचा वेगळा.

[दृश्य : फळ्यावर फोन, राउटर आणि मधले चार बाण]

फळ्यावरचे हे चार बाण या वर्गाचा गाभा आहेत. फोन राउटरला जोडताना पासवर्ड हवेतून जात नाही. दोघं चार निरोपांची देवाणघेवाण करतात आणि पासवर्ड दोघांकडे सारखाच आहे याची खात्री करून घेतात. डब्ल्यूपीए-2 या वायफाय सुरक्षेच्या पद्धतीत हे चार निरोप बाहेर रस्त्यावर उभ्या माणसालाही पकडता येतात. ते घेऊन तो घरी जातो आणि निवांत एकेक पासवर्ड लावून बघतो. राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही.

आता भिंतीवरचे दहा आकडे आठवा. भारतातला मोबाइल नंबर 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतो. म्हणजे सगळे मिळून 400 कोटी पर्याय. आकडा मोठा वाटतो. संगणकातल्या चांगल्या ग्राफिक्स कार्डाला ते काही तासांचं काम आहे. म्हणून मोबाइल नंबर नको, गावाचं नाव आणि पिनकोडही नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द सलग लिहा. 63 अक्षरांपर्यंत मुभा असते.

सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-3, म्हणजे पुढची आवृत्ती, असेल तर तेच निवडायचं. पकडलेल्या निरोपांवरून घरी बसून अंदाज लावायची सोय त्यात उरत नाही. जुने फोन जोडले जात नसतील तर डब्ल्यूपीए-2, पण एईएस या सांकेतिक कुलपासह. टीकेआयपी हे जुनं कुलूप ठेवलं तर सुरक्षा कच्ची राहते आणि वेगही 54 एमबीपीएसवर अडकतो. डब्ल्यूईपी हे त्याहून जुनं कुलूप 2001 मध्येच फुटलं. त्याला हातही लावू नका.

[दृश्य : राउटरच्या मागचं बटण]

हे छोटं बटण डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्ड न टाकता फोन जोडायच्या सोयीचं. त्याचा पिन आठ आकडी, म्हणजे दहा कोटी शक्यता असायला हव्यात. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, आणि राउटर पहिले चार आकडे बरोबर की चूक हे वेगळं सांगून टाकतो. उरतात पहिल्या चारांचे 10,000 अधिक पुढच्या तिघांचे 1,000, म्हणजे 11,000 प्रयत्न. ही फट 2011 मध्ये उघड झाली. डब्ल्यूपीएस बंद करायचं, विचार करत बसायचं नाही.

नेटवर्कचं नाव लपवणं किंवा ठरावीक फोनचे मॅक पत्ते (वायफायवरचे ओळख क्रमांक) तेवढे आत घेणं यावर वेळ घालवू नका. दोन्ही गोष्टी हवेत दिसतात, मॅक पत्त्याची नक्कलही होते. शिवाय आजकालचे फोन स्वतःच मॅक पत्ता बदलतात आणि आपलाच माणूस बाहेर राहतो.

[दृश्य : सेवा केंद्राचा संगणक, बाहेर पारावर मोबाइल घेतलेली मुलं]

आतल्या संगणकावर लोकांचे दाखले निघतात, बाहेर पारावर व्हिडिओ चालतात. दोघं एकाच नेटवर्कवर नकोत. पारासाठी गेस्ट, म्हणजे पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क, त्यात आयसोलेशन चालू, म्हणजे एका फोनला दुसरा फोन दिसत नाही. भिंतीवर लिहायचाच असेल तर गेस्टचा पासवर्ड लिहा, आणि तो दर महिन्याला बदला.

वायफाय उघडं ठेवलं तर काय होतं? 2008 मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता. पोलीस आधी त्या घरी पोचले.

[दृश्य : वीज गेलेली खोली, छोट्या यूपीएसचा हिरवा दिवा]

फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करायचं सगळ्यात शेवटी, आणि वीज गेल्यावर बॅटरीवर चालवणारा यूपीएस जोडल्यावरच. अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली तर राउटर पुन्हा उठेलच असं नाही. यूपीएस घेताना अडॅप्टरवरचं बघा : 12 व्होल्ट, 1 अँपिअर असेल तर व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे तरी मिळालेच पाहिजेत. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप द्या, नाहीतर राउटर चालू आणि इंटरनेट बंद.

नवा पासवर्ड बंद पाकिटात, सही करून, पंचायतीच्या कपाटात. ग्रामसेवकाची बदली झाली की त्याच दिवशी तो बदलायचा. आणि मागच्या बारीक भोकात टाचणी घालून कुणी रिसेट दाबलं, तर राउटर पुन्हा 'अ‍ॅडमिन', 'अ‍ॅडमिन'वर जातो. म्हणून सगळ्या सेटिंग वहीत उतरवून ठेवा, फायबरच्या जोडणीचं नाव आणि पासवर्डसुद्धा. ते नसेल तर तालुक्याहून माणूस येईपर्यंत इंटरनेट बंदच राहतं.