बियाण्याची कणगी वेगळी

नमस्कार मंडळी. मागच्या बाजूला पंखा लागलाय ना? लागलाय. मग मागच्यांना झोप लागली तर दोष माझा नाही.

विषय फळ्यावर लिहिलेला आहेच: आडरानात जाणाऱ्या गाडीत दुसरी बॅटरी कशी बसवावी. वेळ चाळीस मिनिटं. ओळख करून देताना मला आत्ता "बॅटरीतज्ज्ञ" म्हटलं गेलं. तसं काही नाही हो. मी भुसावळला रेल्वेत ट्रेन लाइटिंगला होतो. तीस वर्षं डब्याखालच्या बॅटऱ्यांना पाणी पाजलं, एवढाच माझा अधिकार. जुन्या मंडळींना आठवत असेल, पॅसेंजर सिग्नलला खूप वेळ उभी राहिली की डब्यातले दिवे पिवळे पडायचे आणि पंखा दमा झाल्यासारखा फिरायचा. गाडी हलली की पुन्हा उजेड. कारण साधं होतं. डब्याच्या आसावर पट्टा, पट्ट्यावर अल्टरनेटर, त्यावर ११० व्होल्टच्या बॅटऱ्या. चाक फिरलं तर वीज, नाहीतर साठवलेलं खा.

आता यातली गंमत बघा. डब्यातले दिवे पार गेले तरी प्रवासी फक्त शिव्या द्यायचे. गाडी जायचीच, कारण इंजिनाचा आणि डब्यातल्या दिव्यांचा हिशोब वेगळा. तुमच्या जीपमध्ये मात्र दिवे लावणारी आणि इंजिन उठवणारी बॅटरी एकच. (आपल्याकडे चार चाकं आणि जरा उंच काही दिसलं की ती जीप, कंपनी कुठलीही असो. मीही जीपच म्हणणार.)

आमची आजी दोन कणग्या ठेवायची. एक खायच्या दादर ज्वारीची, एक बियाण्याची. दुष्काळात खायची कणगी तळाला गेली, शेजारून उसनं आणलं, पण बियाण्याच्या कणगीला आजोबांनाही हात लावू दिला नाही. इंजिन उठवणारी बॅटरी म्हणजे बियाण्याची कणगी. मला आज एवढंच सांगायचं आहे. बाकी सगळं तपशील. पण तपशिलातच मी स्वतः कसा फसलो ते आधी ऐका, नाहीतर तुम्ही म्हणाल की हे काका उगाच शहाणपण शिकवतात.

आमचे शालक पुण्याला असतात. त्यांनी गाडीत चालणारा फ्रिज घेतला, चाळीस लिटरचा, आणि डिसेंबरात फोन केला, "भाऊजी, तोरणमाळला जाऊ." गाडी माझी, फ्रिज त्यांचा, भरताची वांगी आमच्या सौभाग्यवतींची. मी म्हटलं, डिसेंबरात तोरणमाळला फ्रिज कशाला? रात्री बाहेर ठेवलेलं पाणी सकाळी दाताला झोंबतं. पण शालकांना नाही म्हणायची आपल्यात पद्धत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी वाटलं, एक जास्तीची बॅटरी टाकून घ्यावी. मळ्यात ट्रॅक्टरची जुनी बॅटरी पडून होती. "अजून चालते" या सदरातली. गावातल्या वायरिंगवाल्याकडे गाडी नेली. नाव सांगत नाही, माणूस मनाने चांगला आहे. त्याने ट्रॅक्टरची बॅटरी मागच्या सीटखाली बसवली, प्लसला प्लस, मायनसला मायनस, आणि म्हणाला, "काका, डबल बॅटरी, डबल पावर." मी विचारलं, मधे काही बसवायचं नाही का? तो म्हणाला, "मधे काय बसवता, सरळ जाऊ द्या." आणि तीस वर्षं रेल्वेच्या बॅटऱ्या सांभाळलेला हा माणूस "बरं" म्हणाला! उकाडा नव्हता, घाई नव्हती. आळस होता, दुसरं काही नाही.

सात पायरी घाट चढून संध्याकाळी यशवंत तलावाजवळ गाडी लावली. तोंड तलावाकडे, मागे चढ. हे लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे. रात्रभर फ्रिज घुर्रघुर्र करत होता. एक एलईडीची माळ, चार मोबाईल. पहाटे धुकं असं की बॉनेट दिसेना. सेल्फ मारला. टक्. पुन्हा मारला. टकटकटक. ज्यांनी हा आवाज ऐकलाय त्यांच्या पोटात आत्ता खड्डा पडला असेल. वांगी थंड, दूध थंड, इंजिन थंड. शालक म्हणाले, "फ्रिजचं काम मात्र चोख आहे."

धक्का मारायचा तर पुढे तलाव, मागे चढ. आणि समजा मोकळं मैदान असतं तरी काय? जुन्या डिझेल गाड्या धक्क्याने उठायच्या, कारण त्यांचा पंप निव्वळ यांत्रिक. आताच्या कॉमन रेल इंजिनात आधी कॉम्प्युटर जागा व्हावा लागतो, आणि पार बसलेल्या बॅटरीवर तो डोळे उघडत नाही. तेवढ्यात शहाद्याकडचा एक ट्रॅक्टरवाला आला. त्याने बॉनेटखाली बघितलं, सीटखाली बघितलं आणि विचारलं, "दोन दोन बॅटऱ्या शेतस ना भो, मंग चालू काबर नही व्हस?"

या प्रश्नाचं उत्तर म्हणजे माझं आजचं अर्धं व्याख्यान.

शिसं-आम्लाच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. पूर्ण भरली की १२.६ किंवा थोडं वर. माझ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीतला एक सेल मेलेला होता. पाच सेल म्हणजे किती? साडेदहा. आता साडेदहाची बॅटरी आणि साडेबाराची बॅटरी तारेने कायमची बांधली की काय होणार? भरलेली रिकामीला पाजत बसणार, रात्रभर. फ्रिज नसता तरी सकाळी तोच "टक्" ऐकू आला असता. दिवसभर इंजिन चालू होतं, अल्टरनेटर वरून ओतत होता, म्हणून रोग झाकला गेला. पोळ्याला आपण बैलजोडी सजवतो ना? म्हातारा बैल आणि नवा खोंड एका जुवाला जुंपला तर म्हातारा जोरात ओढत नाही, खोंडाचीच मान सुजते.

ट्रॅक्टरवाल्याच्या बॅटरीवर जंपर लावून गाडी उठवली. जाता जाता सांगतो, जंपरची शेवटची काळी क्लिप बसलेल्या बॅटरीच्या टर्मिनलला लावू नका, इंजिनाच्या लोखंडाला लावा, बॅटरीपासून लांब. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या क्लिपला ठिणगी उडते. त्या दोघांची गाठ पडू द्यायची नाही.

घरी आलो, सीटखालचं मॅट उचललं, तेव्हा खरा घाम फुटला. लाल तार सीटच्या रुळावर घासून साल निघालेली, तांबं उघडं. आणि तारेत फ्यूज एकही नाही. घाटात अजून चार खड्डे लागले असते तर ती तार रुळाला टेकली असती आणि सेकंदात लाल झाली असती. वायरिंगवाल्याला विचारलं, फ्यूज का नाही? म्हणे, "फ्यूज लावला की सारखा उडतो काका." अरे, त्यासाठीच असतो तो! दहापैकी नऊ जण समजतात की फ्यूज फ्रिज वाचवतो. फ्यूज तार वाचवतो. म्हणून तो बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात हवा. आणि दोन बॅटऱ्यांमधल्या तारेला दोन्ही टोकांना हवा, कारण आग लावायची ताकद दोन्ही टोकांना बसलेली आहे. हे मी रागाने बोलतोय, मला कळतंय.

आता थोडा इतिहास. फ्रान्सच्या गास्तों प्लांतेने शिशाचे दोन पत्रे मधे पट्ट्या घालून गुंडाळले आणि गंधकाम्लात बुडवले ते १८५९ साली. पुन्हा पुन्हा भरता येणारी ही पहिली बॅटरी. त्याच्या दोनच वर्षं आधी आपल्या सातपुड्यात खाज्या नाईकांनी सेंधव्याच्या घाटात इंग्रजांचा खजिना लुटला होता. सांगायचं म्हणजे, इतकी जुनी ही चीज आहे आणि अजून बॉनेटखाली तीच आहे. सेल्फ आला १९१२ साली, कॅडिलॅकमध्ये, केटरिंग नावाच्या माणसाने आणला. तोवर हँडल मारायचं आणि मनगट मोडून घ्यायचं. आमच्या तात्यांचं मोडलं होतं, पण ते हँडल पाणी काढायच्या इंजिनाचं... ती गोष्ट खूप लांब आहे.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. "दहा मिनिटं." फळ्यावरचा विषय अजून सुरूच झाला नाही! बरं, आता पळतो.

पहिलं, सेल्फला ताकद लागते, साठा नाही. २०० अँपिअर दोन सेकंद ओढले तर हिशोबाने एका अँपिअर-तासाचा, म्हणजे तासभर एक अँपिअर ओढल्यावर जेवढं जातं त्याचा, जेमतेम नववा भाग गेला. तेवढं तुमचा फ्रिज दोन मिनिटांत खातो. म्हणून गाडीच्या बॅटरीत पातळ पत्रे खूप असतात, एकदम झटका देण्यासाठी. घरच्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीची रचना वेगळी, तिथे सावकाश आणि खोलवर देणं महत्त्वाचं. दुसरी बॅटरी या सावकाश देणाऱ्या जातीची घ्या. फक्त इन्व्हर्टरचीच उचलून गाडीत घालू नका. पाणी सांडतं, वायू निघतो, आणि आत तुम्ही बसलेले असता. बंदिस्त एजीएम घ्या, म्हणजे जिच्यात आम्ल काचेच्या चटईत शोषलेलं असतं ती, नाहीतर लिथियम आयर्न फॉस्फेट.

किती मोठी? फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना साधारण ४ अँपिअर खातो. आपल्या मे महिन्यात तो बंद कमीच होतो. सरासरी अडीच धरा, दिवसाचे झाले ६०. १०० अँपिअर-तासाच्या शिसं-आम्लातून ५० च्या खाली ओढलं की तिचं आयुष्य तुम्हीच तोडता. म्हणजे एक दिवसही पुरत नाही. लिथियममधून ८० बिनधास्त काढा.

दुसरं, मधे काय बसवायचं. तीन प्रकार आहेत. हाताने फिरवायचा स्विच: स्वस्त, पण रात्री फिरवायला विसरणारे आपणच. व्होल्टेजवर चालणारा रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच: इंजिन चालू होऊन व्होल्टेज साधारण १३.३ ला गेलं की दोन्ही बॅटऱ्या जोडतो, १२.८ च्या आसपास उतरलं की तोडतो. विहिरीच्या मोटारीला फूटव्हॉल्व असतो ना, मोटार बंद झाली तरी पाणी परत विहिरीत जात नाही? तसाच. जुन्या गाडीला आणि शिसं-आम्लाला हा पुष्कळ झाला. पण एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी बऱ्याच जणींचा अल्टरनेटर हुशार असतो. मुख्य बॅटरी भरली की डिझेल वाचवायला व्होल्टेज खाली आणतो. मग रिलेला वाटतं इंजिन बंद झालं, आणि तुम्ही तीन तास गाडी चालवूनही दुसरी बॅटरी उपाशी. तिथे डीसी-डीसी चार्जर लागतो. तो खालून मिळेल ते घेऊन वर हवं तेवढं करून देतो. लिथियमला तर तो हवाच, कारण लिथियम इतकी अधाशी की थेट जोडली तर मंद चालणाऱ्या इंजिनावर अल्टरनेटर तापवून टाकते. २५ अँपिअरचा चार्जर दोन तासांत ५० अँपिअर-तास भरतो.

तिसरं, तार. इथे केळीवाले किती आहेत? हात वर करा. अर्धं सभागृह! मग तुम्हाला शिकवायला नको. लांब आणि बारीक लॅटरलच्या शेवटच्या खोडाला ठिबकचं पाणी किती पोचतं? तोच हिशोब. मागची बॅटरी पाच मीटर लांब, जाणं-येणं धरून दहा मीटर तांबं, ३० अँपिअर. गीझरला वापरतात ती ४ स्क्वेअरची, म्हणजे ४ चौरस मिलिमीटर जाडीची, तार घातली तर १.३ व्होल्ट वाटेतच गेले. १४.२ निघाले, १२.९ पोचले. बॅटरी कधी भरणार? १६ स्क्वेअरची घातली तर फक्त ०.३ जातात. तारेच्या टोकाला लग, म्हणजे बोल्टात बसणारं कडं, दाबून बसवायचा, नुसती तार पिळून नाही. अर्थ रंग खरवडून उघड्या लोखंडावर. तार दरवाज्याच्या पट्टीखालून, जाळीच्या नळीत, सीटच्या रुळापासून लांब. रुळाचं मी पुन्हा बोलत नाही.

चौथं, जागा. बॉनेटखाली दुसरी बॅटरी ठेवू नका. भुसावळात सावलीत ४५ अंश असताना बॉनेटखाली काय असेल? ढोबळ नियम असा की दर १० अंशांना शिसं-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं. आपल्या खानदेशात बॅटरी थंडीने मरत नाही, थंडीत फक्त तिचं प्रेत सापडतं. मारलेली असते मे महिन्याने. तोरणमाळचंही तेच. मागे डिकीत, पट्ट्याने घट्ट बांधून ठेवा. गाडी उलटली तर वीस-पंचवीस किलोचा दगड आहे तो.

आणखी सोलरचं होतं, पण अध्यक्ष उभे राहिले आहेत. एकच वाक्य: टपावर पॅनल लावलंत तर गाडी उन्हात लावावी लागते आणि तुम्ही मात्र झाड शोधत असता.

ते ट्रॅक्टरच्या बॅटरीचं काय झालं, कुणी विचारलं? भंगारात दिली. शालकांचा फ्रिज आमच्याकडेच राहिलाय, त्यात सौभाग्यवती फुलांच्या वेण्या ठेवतात.

प्रश्न बाहेर घेऊ. गाडी दारातच लावली आहे, बॉनेट आणि डिकी दोन्ही उघडून दाखवतो, मल्टिमीटरही आहे. फक्त कुणीतरी टॉर्च आणा. माझ्या टॉर्चचे सेल बसलेत.