ॲडव्हान्स पाठवण्याआधी

नमस्कार. समोर मसाले करणाऱ्या ताई बसल्या आहेत, शिवणकामवाले आहेत, दोन-तीन बेकरीवालेही दिसतात. माझं काम तुमच्यासारख्यांची जीएसटी विवरणपत्रं भरून देण्याचं. टेबलावर बिलं येतात आणि बिलांमागची हकिगतही येते. अलीकडे एक हकिगत फार वेळा कानावर पडते. मोबाइलवर विक्रेता सापडला, भाव परवडला, ॲडव्हान्स गेला आणि माल काही आला नाही. किंवा आला तो भलताच.

सांगलीच्या एका ताईंचं सांगतो. त्यांनी दिवाळीच्या मसाल्यासाठी परराज्यातल्या विक्रेत्याकडून छापील पाऊच मागवले. नमुना उत्तम होता, जाड आणि पक्क्या सीलचा. निम्मे पैसे पाठवले आणि मग सुरू झालं: 'छपाई चालू आहे', 'माल उद्या निघतो', 'गाडी लागलीय'. एकदा बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा फोटो आला, त्यात नंबर नेमका अंगठ्याखाली झाकलेला. पाऊच आले दिवाळी झाल्यावर, आणि इतके पातळ की मसाला भरून जरा दाबला की खालचं सील सुटायचं. फोन केला तर म्हणाला, 'ताई, एवढ्या वेळी सांभाळून घ्या, पुढच्या ऑर्डरला बघू.'

हा माणूस चोर नव्हता, असं मला वाटतं. त्याच्याकडे स्वतःचं मशीनच नव्हतं. एकाचा ॲडव्हान्स घ्यायचा, त्यातून आधीच्या गिऱ्हाइकाचा माल उचलायचा, असं चाललं होतं. असे मध्यस्थ बाजारात पुष्कळ आहेत. त्यांच्याशी वागायची रीत वेगळी आणि पहिल्या दिवसापासून लुबाडायलाच बसलेल्याशी वेगळी. मध्यस्थाला पोलिसांची धमकी दिली की तो फोन उचलणं बंद करतो, आणि ठगाला मुदतीवर मुदत देत बसलं की तोवर पैसे चार खात्यांतून फिरून गायब होतात.

ओळखायचं कसं? जीएसटी क्रमांकापासून सुरुवात करा. तो 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र 27, गुजरात 24, दिल्ली 07. पुढची दहा अक्षरं पॅनची. आता सुरुवातीपासून सहावं अक्षर बघा. 'पी' असेल तर नोंदणी एका व्यक्तीची, 'एफ' असेल तर भागीदारीची, 'सी' असेल तर कंपनीची. बिलावर 'प्रायव्हेट लिमिटेड' छापलंय आणि सहावं अक्षर 'पी' आहे, तर तिथेच थांबा. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता कुणाचाही क्रमांक तपासता येतो. नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द, विवरणपत्रं भरली जातात का, सगळं दिसतं. कालपरवा नोंदणी झालेला माणूस 'वीस वर्षांचा अनुभव' सांगत असेल, तर त्याला त्याबद्दल विचारा.

पण नुसता क्रमांक खरा असून भागत नाही. दुसऱ्याच्या चांगल्या फर्मचा क्रमांक उचलून स्वतःच्या बिलावर छापणारे आहेत. म्हणून पोर्टलवरचं नाव आणि पैसे ज्या खात्यावर मागितलेत त्या खातेदाराचं नाव जुळवून बघा. 'आमचं करंट अकाउंट जरा अडकलंय, भावाच्या नंबरवर टाका' असं कुणी म्हणालं, तर पुढे जाऊच नका.

'माल निघाला' म्हणतो? मग ई-वे बिलाचा, म्हणजे माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढलेल्या जीएसटीच्या कागदाचा नंबर मागा. परराज्यातून येणारा माल 50,000 रुपयांच्या वरचा असेल, तर थोडे अपवाद सोडता ते लागतंच, आणि त्यात गाडीचा नंबर असतो. खरोखर माल काढलेला माणूस तो नंबर लगेच पाठवतो. प्रोफॉर्मा बिलावर मात्र विसंबू नका. तो कागद भाव सांगतो, विक्री झाल्याचं सांगत नाही.

आता कायद्याकडे येतो, कारण इथे आपली माणसं फार गोंधळतात. 'ग्राहक मंचात जाईन' असं सगळे म्हणतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कामासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार ग्राहक धरलेला नाही. अपवाद एक आहे आणि तो तुमच्या उपयोगाचा आहे. स्वतःच्या हातच्या कामावर पोट भरण्यासाठी, स्वतःच वापरायला घेतलेली वस्तू. शिवणकामवाल्या ताईंनी स्वतः चालवायला घेतलेलं मशीन त्यात बसू शकतं. तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण दुकानात विकायला आणलेल्या साड्या त्यात बसत नाहीत. तिथे नोटीस, मध्यस्थी, दिवाणी दावा हाच रस्ता, आणि तो लांबचा आहे. काही हजारांच्या मालासाठी दिल्लीला वकील लावणं परवडत नाही, हे समोरच्यालाही ठाऊक असतं. म्हणूनच मी तुम्हाला पुन्हा पुन्हा सांगतो, तुमचा सगळा जोर पैसे जाण्याआधी आणि माल उतरल्यावरच्या पहिल्या काही दिवसांत आहे.

सांगलीच्या ताईंनी तो जोर बरोबर वापरला. नमुन्याचा पाऊच त्यांनी जपून ठेवला होता. मसाल्याच्या काट्यावर आधी नमुना ठेवला, मग आलेल्या मालातला तेवढ्याच मापाचा पाऊच. वजनातला फरक आकड्यांत दिसत होता. दोन्हींचे फोटो, सुटलेल्या सीलचा व्हिडिओ आणि 'हा माल नमुन्याप्रमाणे नाही, मी तो स्वीकारत नाही' एवढं वाक्य त्याच दिवशी ईमेलनेही पाठवलं. 1930 चा मालविक्री कायदा सांगतो की नमुन्यावर विक्री झाली असेल तर माल नमुन्याबरहुकूम हवा. नाकारलेला माल स्वखर्चाने परत पाठवायलाही तुम्ही बांधील नाही, वेगळं ठरलं नसेल तर. नाकारल्याचं कळवणं पुरेसं आहे. पण गप्प राहून माल ठेवून घेतला, तर स्वीकारला असं धरलं जातं. आणि विक्रेता स्वतः उत्पादन करणारा सूक्ष्म वा लघु उद्योग असेल, तर 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घ्या. नाहीतर उरलेल्या पैशांसाठी उलट तुमच्यावरच व्याज चढू शकतं.

उरलेले निम्मे पैसे ताईंकडेच होते. बरीच घासाघीस झाली. शेवटी त्याने अर्धा माल परत नेला आणि क्रेडिट नोट दिली, म्हणजे तेवढी रक्कम बिलातून कमी केली. दिवाळीचा हंगाम गेला तो गेलाच. त्याची भरपाई कुणी दिली नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

बिल मिळालं तरी पुढच्या महिन्यात 14 तारखेनंतर पोर्टलवर जीएसटीआर-2बी, म्हणजे विक्रेत्यांनी तुमच्या नावावर चढवलेल्या बिलांची यादी उघडून बघा. विक्रेत्याने ते चढवलं नसेल, तर भरलेल्या कराचं क्रेडिट तुम्हाला मिळणार नाही.

आणि जिथे फसवणूकच आहे, फोन बंद, नाव खोटं, तिथे लाजत बसू नका, घरच्यांपासून लपवू नका. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि आपल्या बँकेला कळवा. पैसे अजून खात्यात असतील तर ते रोखता येतात, पण तिथे तासातासाने फरक पडतो. पोलिस ठाण्यात 'हा दिवाणी मामला आहे' असं सांगितलं गेलं, तर खोटा क्रमांक आणि दुसऱ्याच्या नावचं खातं दाखवा. सुरुवातीपासून हेतू काय होता, ते त्यातून दिसतं.

आत्ता कुणाची ऑर्डर अडकली असेल, तर चहाच्या वेळी बिल, पैसे भरल्याची नोंद आणि चॅट घेऊन माझ्याकडे या. आपण एकत्र बसून पत्राचा मसुदा करू.