कीबोर्ड आपला नसतो : सोलापुरातल्या ॲप बनवणाऱ्यांसमोर केलेलं व्याख्यान

मंडळी, आज एकाच स्क्रीनबद्दल बोलू. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात दिवाणजी रोजचा माल मोबाइलवर नोंदवतात, असं धरा. चार रकाने : पार्टीचं नाव, नग, दर, शेरा. खाली ‘जतन करा’ हे बटण. शेरा लिहायला त्यांनी बोट टेकवलं की कीबोर्ड वर येतो आणि बटण त्याच्याखाली जातं. आता नोंद जतन कशी करायची, हे त्यांना कळत नाही. दोष त्यांचा नाही, आपल्या मांडणीचा आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा. ॲन्ड्रॉइडवर कीबोर्ड हे वेगळंच ॲप असतं. आपण त्याला ‘ये’ किंवा ‘जा’ अशी विनंती करू शकतो, आणि तो किती जागा घेतोय हे सिस्टिमकडून ऐकू शकतो. बस, एवढाच आपला अधिकार. सोलापुरात तर एकाच कारखान्यात कुणाच्या फोनवर मराठी कीबोर्ड असतो, कुणाच्या तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. प्रत्येकाची उंची वेगळी. सूचनांची पट्टी चालू असली की ती आणखी वाढते. कीबोर्ड तरंगता ठेवला तर तो खालची जागा अडवतच नाही. म्हणून उंचीचा आकडा कोडमध्ये कधीही लिहू नका.

बटण झाकलं जाण्याचं कारण बहुतेक वेळा मॅनिफेस्टमधल्या, म्हणजे ॲपची माहिती सिस्टिमला देणाऱ्या फाइलमधल्या, ‘विंडोसॉफ्टइनपुटमोड’मध्ये सापडतं. कीबोर्ड आल्यावर खिडकीनं काय करायचं, हे ही सेटिंग ठरवते. ‘ॲडजस्टपॅन’ ठेवलं तर सगळी खिडकी वर सरकते, पण फक्त कर्सर असलेला रकाना दिसेल इतकीच. त्याखालचं बटण झाकलेलंच राहतं आणि वरची शीर्षकपट्टी बाहेर जाते. फॉर्मसाठी खिडकी आखूड करणारं ‘ॲडजस्टरिसाइझ’ हवं. पण तेवढ्यानं भागत नाही : खिडकी आखूड झाल्यावर आतला मजकूर स्क्रोल व्हायला हवा. स्क्रोल नसेल तर खालचे रकाने कापलेच जातात.

इथे नवीन अडचण आली आहे. ॲपचं टार्गेट एसडीके, म्हणजे ॲप ॲन्ड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनवलंय तो आकडा, ३५ केला की ॲन्ड्रॉइड १५ वर स्क्रीन काठापासून काठापर्यंत पसरते, आणि ‘ॲडजस्टरिसाइझ’ असूनही मजकूर आपोआप वर येत नाही. कीबोर्डचा इनसेट, म्हणजे त्यानं अडवलेली जागा, आपल्यालाच वाचून खालचं पॅडिंग, म्हणजे मोकळी जागा, द्यावं लागतं. कंपोजमध्ये, म्हणजे ॲन्ड्रॉइडवर स्क्रीन मांडायच्या नव्या पद्धतीत, ‘आयएमईपॅडिंग’ लावा, आणि तेही ‘व्हर्टिकलस्क्रोल’च्या आधी, नंतर लावलं तर दिसणारा भाग आखूड होत नाही, फक्त मजकुराच्या तळाला रिकामी जागा वाढते. जुन्या व्ह्यू पद्धतीत सिस्टिम बार आणि कीबोर्ड या दोघांचे इनसेट एकत्र मागा. वेगवेगळे घेऊन बेरीज केली तर कीबोर्डच्या वर एक मोकळी पट्टी उरते, कारण कीबोर्डच्या इनसेटमध्ये नेव्हिगेशन बारची उंची आधीच धरलेली असते. कंपोजमध्ये ‘स्कॅफोल्ड’ या स्क्रीनच्या सांगाड्याचं पॅडिंग देऊन वर ‘आयएमईपॅडिंग’ लावलं आणि ही जागा आधीच धरली आहे असं सांगणारं ‘कन्झ्यूमविंडोइनसेट्स’ विसरलं, तरी तीच पट्टी दिसते.

आता स्क्रीन उघडताच कीबोर्ड आणण्याबद्दल. स्क्रीन तयार होताना चालणाऱ्या ‘ऑनक्रिएट’मध्ये कीबोर्ड मागणारं ‘शोसॉफ्टइनपुट’ लिहिलं तर काहीच घडत नाही, कारण तेव्हा खिडकीकडे फोकस आलेला नसतो. मग बरेच जण ३०० मिलिसेकंदांचा विलंब घालतात. याला मी दुरुस्ती मानत नाही. तुमच्या महागड्या फोनवर ते चालेल, दिवाणजींच्या जुन्या फोनवर चालणार नाही. रकान्याला फोकस द्या, खिडकीला फोकस मिळाल्याची सूचना येऊ द्या, मग कीबोर्ड मागा. कीबोर्ड लपवताना विंडो टोकन, म्हणजे खिडकीची ओळखखूण, त्या रकान्याच्या व्ह्यूकडूनच घ्या. डायलॉगची खिडकी वेगळी असते, तिथे ॲक्टिव्हिटीचं, म्हणजे मूळ स्क्रीनचं, टोकन कामाला येत नाही.

रकान्याप्रमाणे कीबोर्ड बदला. नगाला ‘नंबर’, दराला ‘नंबरडेसिमल’, कारण दर साडेतीनशे रुपये पन्नास पैसेही असू शकतो. पहिल्या तिन्ही रकान्यांना ‘पुढे’ची कळ, शेऱ्याला ‘झालं’ची. पण शेरा अनेक ओळींचा केला की ती कळ नवी ओळ देते आणि ‘झालं’ दिसतच नाही. ओळी मोडायला हव्यात आणि कळही हवी असेल, तर इनपुटटाइप साधा ‘टेक्स्ट’ ठेवा, कोडमधून आडवं स्क्रोलिंग बंद करा आणि कमाल ओळी वाढवा.

मराठीसाठी दोन गोष्टी जपा, कारण याची चाचणी फारसं कुणी करत नाही. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा कीबोर्ड शब्द पूर्ण होईपर्यंत तो कच्च्या अवस्थेत धरून ठेवतो. प्रत्येक अक्षरागणिक ‘सेटटेक्स्ट’ करून, म्हणजे रकान्यातला मजकूर कोडमधून बदलून, नाव नीटनेटकं करायला गेलात, तर ती अवस्था तुटते. अक्षरं दुबार येतात किंवा कर्सर सुरुवातीला जातो. शुद्धीकरण रकान्यातून फोकस गेल्यावर करा. दुसरं, रकान्यातल्या मजकुराची लांबी मर्यादित करणारं ‘मॅक्सलेंग्थ’ डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजत नाही, काना-मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजतं. ‘सिद्धेश्वर’ आपल्याला चार अक्षरांचं दिसतं, मोजणीत ते १० भरतं. इंग्रजी नावं बघून २० ची मर्यादा घातली, तर ‘सिद्धेश्वर टेक्स्टाइल्स’ पुरं लिहिताच येणार नाही.

अंकांचंही बघा. शेऱ्यात किंवा साध्या रकान्यात ‘१२५०’ देवनागरीत येऊ शकतं. ॲन्ड्रॉइडच्या कोटलिन भाषेतलं, मजकुराची संख्या करणारं ‘टूइंट’ ते वाचतं, पण सर्व्हरवरचं जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ त्याला ‘संख्या नाही’ म्हणतं. पाठवण्याआधीच अंक एकाच रूपात आणा.

ॲन्ड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी एकाच कोडमधून ॲप बनवणारं रिॲक्ट नेटिव्ह वापरत असाल, तर ‘बटण दोनदा दाबावं लागतं’ ही तक्रार येईलच. कीबोर्ड उघडा असताना स्क्रोलव्ह्यूच्या, म्हणजे सरकत्या भागाच्या, आत केलेला पहिला स्पर्श कीबोर्ड मिटवण्यातच जातो. ‘कीबोर्डशुडपर्सिस्टटॅप्स’ला ‘हँडल्ड’ द्या. आयफोनच्या अंकांच्या कीबोर्डवर रिटर्नची कळच नसते, तिथे वर ‘झालं’ची पट्टी स्वतः जोडा. मांडणीसाठी आयफोनच्या आयओएस १५ पासून, कीबोर्डची जागा सांगणारं कीबोर्ड लेआउट गाइड आहे, तेच वापरा.

चाचणी करताना लहान स्क्रीनचा फोन घ्या, अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करा, फोन आडवा धरा, आणि चारही रकाने एकदा मराठी, एकदा तेलुगू आणि एकदा उर्दू कीबोर्डनं भरून बघा. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. शेऱ्यात उर्दू आणि आकडे एकत्र आले की कर्सर कुठे उभा राहतो, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.